रॅफ्लेशियाचा वास

फरीदाबादला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सेक्टर नवा, बाबांची परदेशी भागीदारीतली फॅक्टरी नवी, गच्चीवरून आलेली केबलची तार नवी. घरमालकांची अट तेवढी जुनी होती : घरात मांस-मच्छी चालणार नाही. आधीची दोन घरं याच अटीपायी सुटली होती, म्हणून बाबांनी मान डोलावली. आईनेही डोलावली, आणि मामाने मालवणहून पाठवलेला सुक्या बोंबलांचा डबा रजयांच्या मागे दडवला. शिजवायची हिंमत नव्हती. कधीतरी ती झाकण किलकिलं करून वास घ्यायची आणि डबा परत ठेवायची.

सातवीत विज्ञान प्रदर्शनासाठी मी रॅफ्लेशिया केला. सुमात्राच्या जंगलातलं हे फूल. पुस्तकात त्याच्या कितीतरी जाती होत्या. मी सर्वांत मोठी निवडली, लहान कामं मला तेव्हाही जमत नसत. कागदाच्या लगद्याच्या पाच पाकळ्या, लाल रंग, वर फिकट ठिपके. तक्त्यावर हिंदीत लिहिलं : याला मूळ नाही, खोड नाही, पान नाही, ते दुसऱ्याच्या वेलीवर जगतं आणि कुजक्या मांसाच्या वासाने माश्यांना बोलावतं. वासाशिवाय ते खोटं वाटलं असतं. म्हणून आईला न विचारता मी सहा बोंबील मधल्या वाटीत टाकले.

माश्या आल्या. पहिला नंबरही आला.

फूल आणि तक्ता घेऊन घरी परतले तर फाटकाशी घरमालक उभे. आईने वरूनच वास ओळखला आणि ती धावत खाली आली. तिचा पांढराफटक चेहरा पाहिल्यावर मला कळलं, की आता पुन्हा घर शोधायचं. मी इतकी घाबरले की पळालेही नाही.

त्यांनी तक्ता सावकाश वाचला.

"न जड, न पत्ता, दूसरे की बेल पर गुजारा," ते म्हणाले. "किरायेदार हुआ."

मग वाकून वाटीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"और ये बू?"

"फूल की है, अंकल."

"अच्छा." मग आईकडे न बघता म्हणाले, "बहनजी, इतवार को हम सब सत्संग में जाते हैं. दस से दो. फूल को उसी वक्त हवा दे दिया करो."

आई वर आली आणि ओट्याला टेकून रडली. मग डोळे पुसून तिने मला एक धपाटा घातला, सहा बोंबलांबद्दल.

रविवारी सव्वादहाला तवा तापला. महिन्याभरात उंदरांनी फूल कुरतडून संपवलं. हवा मात्र आम्ही ते घर सोडेपर्यंत दर रविवारी देत होतो.