छत्री भर उन्हात

भडगावात आमच्या शेजारी राहणारे चक्कीवाले नाना समोरच्याच्या तोंडापाशी मोबाइल धरत आणि म्हणत, "याम्हा बोला." नवखा माणूस दचकून मागे सरकायचा. पिठाच्या चक्कीने नानांचे कान केव्हाच खाल्ले होते. यंत्र कानात घातलं की डोक्यातली घरघरच वाढते, अशी त्यांची तक्रार. म्हणून मुलीने धुळ्याहून हा मोबाइल आणून दिला. समोरचा बोलेल ते पडद्यावर उमटायचं, नाना वाचून उत्तर द्यायचे.

वस्तू घेतली की ती पुरेपूर वापरावी, या मताची मी आहे. पण नानांइतकं काम मोबाइलकडून कोणी करून घेतलं नसेल. उशीखाली थरथरून तो त्यांना उठवायचा, गॅस नोंदवायचा, वीज गेली की बॅटरी व्हायचा, गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं मोठी करून दाखवायचा. किराण्याला जाताना नाना रिकाम्या डब्यांचे फोटो काढून नेत. दुकानदाराला ते दाखवले की झालं. "बठ्ठं करस," ते सांगत, "भाकरी तेवढी टाकत नई."

त्याला जमत नसे ती एकच गोष्ट: नानांच्या बायकोची, म्हणजे अक्कांची बोली. अक्का अहिराणी बोलायच्या आणि मोबाइलला कळायची पुस्तकी मराठी. "जेवन तयार शे" म्हटलं की पडद्यावर "जीवन तयार शेत". नाना ते मोठ्याने वाचत आणि हसत ताटावर बसत. अक्का चिडायच्या, "संसार सरत उना, आते शुद्धलेखन शिकाडतस का माले?"

मागच्या उन्हाळ्यात अक्का गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालत होत्या. मी आमच्या गच्चीवर गेले, तर शेजारी नाना उघडी छत्री अक्कांच्या डोक्यावर धरून हसऱ्या चेहऱ्याने उभे. अक्का कठड्याला टेकून बसलेल्या, घामाने चिंब. मला पाहून कशाबशा म्हणाल्या, "ताई, मनी छाती भरी उनी. यास्ले कवयनी सांगी ऱ्हायनू."

मी धावत त्यांच्याकडे गेले. नानांच्या हातातला मोबाइल दिसला. छाती भरून आली, असं केव्हापासून सांगणाऱ्या बाईचं बोलणं त्याने लिहिलं होतं, "मनी छत्री भर उन्हात."

रिक्षाने दवाखाना, तिथून जळगाव. अक्का वाचल्या. मग मुलीने त्यांच्याकडून वाक्यं घोटून घेतली: माझ्या छातीत दुखत आहे. मला पाणी हवे आहे. अक्का निमूटपणे तसंच पुस्तकी बोलू लागल्या, दुखत नसतानाही. मोबाइल आता चुकत नव्हता. एकदा मी चटणी द्यायला गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, "मनाच घरमा मी पाहुनी व्हई गई, ताई."

नानांनाही ते खुपत होतं. "वाचीसन वाटस, बँकमधली बाई बोली ऱ्हायनी," ते म्हणाले. नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बायकोने आपल्या बोलीत बोलायचं नाही, हे घर कसं चालणार, मला उमजेना.

दिवाळीनंतर मुलगी दोघांना धुळ्याला न्यायला आली. गाडीत बसल्यावर अक्कांनी मोबाइलसाठी हात पुढे केला. नानांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकला आणि अक्कांच्या ओठांकडे बघत उभे राहिले.

अक्का आपल्या बोलीत सावकाश म्हणाल्या, "बाटली ऱ्हायनी."

नाना लगबगीने घरात गेले आणि जेवायला बसायचा पाट घेऊन आले; ओठांवर ब आणि प सारखेच.

मुलगी काही बोलणार, तोच अक्कांनी तिचा हात दाबला. पाट मांडीवर घेतला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "चाला आते."

या वेळी नानांना बरोबर कळलं.