तीन हाका

दत्तू गांगुर्डे गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलोच होतो. चारच दिवसांपूर्वी नाशिकरोडला त्याच्या घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगून दोन वर्षं होत आली होती आणि हा बाबा म्हणत होता, मतदान होऊन जाऊ दे. कुठलं मतदान? पश्चिम सहाराचं! आता बोला. नाशिकचा निवृत्त नायब तहसीलदार आफ्रिकेतल्या वाळवंटापायी ऑपरेशन लांबवतो, यावर माणसाने हसावं की डोकं आपटून घ्यावं? मी चहा तसाच टाकून उठलो. तीच शेवटची भेट...

आम्ही एकाच वर्षी महसूल खात्यात चिकटलो. सुरगाण्याला मतदारयाद्यांचं काम बरोबरच केलं. पाड्यावर जावं तर अर्ध्या घरांना कुलूप, माणसं विंचूरकडे कांद्याच्या कामाला गेलेली. आम्ही बाकीचे 'आढळले नाहीत' म्हणून नाव खोडायचो आणि जीप गाठायचो. दत्तूही एकदा असाच एका बंद दाराशी नाव खोडत होता, तेव्हा शेजारची म्हातारी म्हणाली, "जगाया गेलाय. मेला नाय." ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून प्रत्येक बंद दारासमोर हा नावाने तीन हाका मारणार, शेजारीपाजारी विचारणार आणि माणूस मयत असल्याची खात्री झाल्याशिवाय नाव खोडणार नाही. त्याच्यापायी कितीदा शेवटची जीप चुकली आमची! घाट पायी उतरलोय, त्याला शिव्या घालत.

नव्वदच्या दशकात तिकडे पश्चिम सहारात मतदारयाद्यांच्या कामातली जाणती माणसं हवी होती, त्यात याची निवड झाली. त्या मुलखाने स्वतंत्र व्हायचं की शेजारच्या देशात राहायचं, हे तिथल्या लोकांनी मत देऊन ठरवायचं होतं. पण 'तिथले लोक' म्हणजे कोण, इथेच घोडं पेंड खात होतं. टेबलाशी दोन्ही बाजूंचा एकेक वडीलधारा बसायचा. समोर माणूस आला की एक म्हणायचा, आमचाच. दुसरा म्हणायचा, ओळखत नाही. निर्वासितांच्या छावणीत तंबूत राहणाऱ्या मरियम नावाच्या म्हातारीचं नाव एकदाचं यादीत लागलं. तिने दुभाष्याकरवी विचारलं, मत कधी? आणि आमच्या शहाण्याने सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी. तुमचं नाव मी स्वतः पुकारीन."

पुढचं वर्ष! ते काही उजाडलं नाही. दत्तू परत आला आणि दाराशी बॅग भरून ठेवून बसला. बोलावणं आलं की निघायचं. तिकडे दूत बदलले, आराखडे बदलले, तारखा पुढे गेल्या. थंडगार हॉटेलांत बैठका व्हायच्या आणि चर्चा समाधानकारक झाली म्हणून दोन ओळी छापून यायच्या. कोणाचं समाधान, देव जाणे. दत्तू त्या दोन ओळीही कापून ठेवायचा. वहिनींना मुलीकडे नागपूरला महिनाभर राहायचं होतं, हा दोन दिवसांत माघारी. मी शेवटी चिडून म्हणालो, अरे, त्यांना ते सोडवायचंच नाहीये, तू कशाला जीव काढतोस? तो एवढंच म्हणाला, "म्हातारी वाट बघत असेल रे."

खरं सांगायचं तर मला त्याचा राग यायचा, कारण सुरगाण्याला मी किती नावं खोडली ते माझं मला ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात मी वहिनींकडे बसलो होतो. यादीचं काम करणाऱ्या शिक्षिका दारात आल्या. "दत्तात्रय गांगुर्डे मयत ना?" म्हणाल्या आणि पेन काढलं. मला काय झालं कोण जाणे. मी म्हणालो, "बाई, आधी तीन हाका मारा." त्या गोंधळून वहिनींकडे बघायला लागल्या. वहिनींनी मान डोलावली. बाईंनी बिचाऱ्यांनी अवघडत नाव पुकारलं. एकदा... दोनदा... तीनदा. आतल्या खोलीत पंखा तेवढा फिरत होता. वहिनी म्हणाल्या, "लिहा आता."

बाई गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, भावजी, तेवढी बॅग माळ्यावर टाका. मी उचलली आणि परत तिथेच ठेवली. दत्तूला निदान तीन हाका मिळाल्या. मरियमला अजून कोणी पहिलीसुद्धा मारलेली नाही.