भागूबाईच्या घराची खडी

विंझर मागं पडलं, समोर तोरण्याचा माथा दिसायला लागला, तेव्हा कुठं भागूबाईनं तोंड उघडलं.

"गटारात गेलं आसंल का गं, सुलक्षणा?"

काय, ते सुलक्षणाला विचारावं लागलं नाही. शेजारची ही अंगणवाडीतली बाई मेंगाई देवीची ओटी भरायला वेल्ह्याला निघालेली. एसटी आली नाही म्हणून दोघी चालत होत्या. भागूबाईला ओटी नव्हती भरायची. आपलं घर कुठं गेलं, तेवढं बघायचं होतं.

नवऱ्यानं, नाथानं, स्वतः सिमेंट कालवून बांधलेलं ते घर. नाथा त्याच घरात वारला, लेक प्रेरणा लग्न होऊन हडपसरला गेली. मग भागूबाई दुपारभर उंबऱ्यात बसायची. रस्त्यानं जाणाऱ्याला म्हणायची, "या की, बसा घडीभर." लोक "पुन्यांदा येतो" म्हणायचे नि पुढं जायचे.

तोच रस्ता रुंद करताना घर पडलं. टेम्पो भरभरून राडारोडा क्रशरवर गेला. तिथं जुनं काँक्रीट फोडून नव्या काँक्रीटसाठी खडी करत. भागूबाई मागोमाग तिथंच कामाला लागली, खडीवर पाणी मारायला. असली खडी तहानलेली. आधी भिजवली नाही तर नव्या मालातलं पाणी पिऊन टाकते. एखाद्या खड्यावर मोरपंखी रंगाचा पोपडा दिसला की तिच्या हातातला पाइप तिथंच थांबायचा. भिंतींना तो रंग तिनंच निवडला होता.

"मावशी, अभिषेक घालताय काय?" मुकादम मानसिंग हसायचा.

"ये, तुलाबी घालते. अंघुळीचं वावडं दिसतंय."

परवा कामावर गेली, तर ढीग नव्हता. "निम्मी खडी गटाराला, निम्मी वेल्ह्यात एसटी थांब्याच्या कोब्याला," मानसिंग म्हणाला. "तुमची त्यातली कुठली, मला काय ठावं?"

देवघराच्या भिंतीवरनं खरकटं पाणी वाहणार, या विचारानं तिला घास उतरेना. आता वाटेतल्या प्रत्येक नव्या गटाराशी ती वाकून बघत होती. गुळगुळीत सिमेंट, काही कळत नव्हतं.

"देवी बघतीया, मावशी. चला," सुलक्षणा म्हणाली.

वेल्ह्याच्या थांब्यावर गर्दी होती. पाट्या घेतलेल्या बाया, मांडीवर लेकरू झोपलेली एक पोर, पाय पसरून बसलेला एक म्हातारा. पायरीची कड अजून घोटलेली नव्हती. खडी उघडी होती. भागूबाई तिच्यावरनं बोट फिरवत गेली. एका जागी बोट थांबलं. नखाएवढा मोरपंखी तुकडा. तिनं पदरानं तो पुसला, चपला काढून खालीच ठेवल्या.

म्हातारा सरकला. "या की, बसा. एसटीला लई येळ हाय."

भागूबाई पायरी चढून त्या तुकड्यापाशी आली. मग बसली.

"मावशी, चला ना देवळात," सुलक्षणा म्हणाली.

"तू जाऊन ये. म्या हाय हितं."

सुलक्षणा वळली, तसा भागूबाईनं तिचा पदर धरला.

"आयक. माझ्यामागंबी हितनं जाशील-येशील. उभ्या उभ्या जाऊ नगंस, बाई. घडीभर बस."