पिल्लं देण्याआधीची चौकशी

आमची काळी लॅब्राडोर कुत्री व्याली की सदाशिव पेठेतल्या आमच्या दाराशी लोकांची रीघ लागायची. पण मागेल त्याला पिल्लू द्यायला मी काही भाजी विकत नव्हते. येणाऱ्याला समोर बसवून विचारायचे : दुपारी घरात कोण असतं? साखळीला बांधणार का? गावाला गेलात तर कुणाकडे ठेवाल? नाव, पत्ता, फोन वहीत लिहून घ्यायचे. तीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे समोरचा थापा मारतोय हे मला चटकन कळतं, असा माझा समज होता.

"मुलीच्या लग्नाच्या वेळी एवढी चौकशी केली नव्हतीस," नवरा म्हणायचा.

"तिने मला विचारलं कुठे होतं?"

एका डॉक्टरांनी, सोफ्यावर केस गळतील का, असं विचारलं. "मग सोफाच पाळा," म्हणून मी त्यांना वाटेला लावलं आणि पुढे आठवडाभर हा किस्सा सगळ्यांना सांगत होते. खरं सांगायचं तर नाही म्हणण्यात मला मजा येऊ लागली होती.

त्या खेपेला एकच पिल्लू उरलं असताना हडपसरहून एक गृहस्थ आले. आजूबाजूला इमारती उठल्या तरी त्यांनी थोडा मळा आणि चार म्हशी राखल्या होत्या. माझ्या प्रश्नांना त्यांनी चोख उत्तरं दिली. मी मनातल्या मनात त्यांना पास केलं आणि पिल्लू आणून पुढ्यात ठेवलं. त्याच्याकडे न बघता ते कोपऱ्यात पडलेल्या आईजवळ उकिडवे बसले. तिच्या पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवला, ओठ उचलून हिरड्या पाहिल्या.

"बाई, हे हिचं कितवं वेत?"

"तिसरं."

"किती वर्सांत?"

"दोन होतील."

"आमी म्हशीलाबी दम खाऊ देतो. ही पार खंगलीया."

"पिल्लू ठणठणीत आहे. तुम्हाला तेच हवंय ना?"

"हवं हाय की. पर ह्ये गेलं म्हंजी तुमी हिला परत फळवणार. मग मला नगं." नमस्कार करून ते निघून गेले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा नेहमीसारखा टोमणा मारेल असं वाटलं, पण तो उठून कुत्रीसाठी वाटीभर दूध घेऊन आला. तेच जास्त झोंबलं.

मग मीही कुत्रीजवळ जाऊन बसले. तिचा कणा बोटांना टोचत होता. रोज तिला खायला मीच घालत होते आणि माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. लोकांनी दारात यावं, माझी मनधरणी करावी, हे मला आवडत होतं. त्यापायी मी तिला पुन्हा पुन्हा बाळंतपणात ढकललं होतं. तिने शेपटी हलवली तेव्हा मला फार लाज वाटली.

तिची तब्येत सुधारल्यावर तिला पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून घेतलं. तोवर पिल्लासाठी तिघे येऊन गेले; त्यांना नाही म्हणताना मजा वाटली नाही. टाके निघाले त्या दिवशी मी हडपसरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. एवढ्या लोकांना मी माझ्या उत्तरासाठी ताटकळत ठेवलं होतं, आता मी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते.

"खाती का आता?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही वेळेला, पोटभर."

"मग येतो उद्या."