शेठच्या फाटकावर आत्याचे बोंबील

आमच्या आत्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याला, जगातली कुठलीच वाट अडलेली बघवत नाय. ती समुद्रकाठच्या दांडी गावची, सगळा जन्म मासळी सुकवण्यात गेला, आणि माझं बाळंतपण करायला म्हणून सालवडला कारखान्यांजवळच्या आमच्या चाळीत आली ती राहिलीच. कुणाच्याबी घरात गेली की बसायच्या आधी विचारणार, "दुसरं दार कुठं हाय?" एका लग्नात तर नवरी बघायची सोडून मांडवाची मागची कनात उचलून पलीकडं गेली, ती थेट आचाऱ्याच्या भातात पाय घालता घालता वाचली. मी लाजेनं मेली. "आत्या, काय करता हो?" तर म्हणते, "सूनबाय, नवरी काय पळून जात नाय, पण आग लागली तर तुला पळायला लागंल." जिन्यात कुणाच्या चपला दिसल्या की ती उचलून अंगणात भिरकवायची, त्यामुळं आमच्या चाळीतले निम्मे बाप्ये सकाळी ड्युटीला जाताना एका पायावर उड्या मारत दुसरी चप्पल शोधत असायचे.

आणि मंग ती दुपार आली. कारखान्यांच्या बाजूनं असा आवाज झाला की भांडी फळीवरून खाली आली, नाकात झोंबणारा वास, पुढच्या रस्त्यानं धूर. मी पोरीला छातीशी धरली आणि मागच्या गल्लीकडं पळाली, तर गल्ली बंद! चाळमालक शेठनं तिथं पत्रे ठोकून भंगाराचं गोदाम केलेलं. मागं फिरली तर सगळी चाळ पुढच्या एका बारक्या दारात अडकलेली, माझी पोर दाबली जातेय, रडतेय, आणि मला हात पण हलवता येत नाय. वाचलो आमी, पण त्यानंतर ताट वाजलं तरी मी पोरीला उचलायची.

शेठला बोलणार कोण? खोली खाली कर म्हणाला तर जायचं कुठं? आत्या गेली. "शेठ, पत्रे काढ." शेठ हसला, "म्हातारे, चाळ माझी, गल्ली माझी. नाय पटत तर जा दांडीला."

आत्या दांडीला गेली खरी, पण संध्याकाळी टेम्पोत बांबू आणि ओले बोंबील घेऊन परत आली. सकाळी बघतो तर चाळीला लागून असलेल्या शेठच्या बंगल्याच्या फाटकावर आडवे बांबू, आणि त्यावर जबड्यात जबडा अडकवून बोंबीलच बोंबील! गाडी निघंना, माशा घोंगावतायत, मांजरांची जत्रा. कामावर जाणारे भय्ये विचारतायत, "अम्मा, ये क्या है?" आत्या म्हणते, "ऊन चांगलं हाय बेटा इकडं!"

शेठ स्वतः जाऊन ग्रामपंचायतीच्या साहेबाला घेऊन आला. "बघा साहेब, हिनं माझी वाट अडवली!"

आत्यानं डोक्यावर पदर घेतला. "साहेब, वाट अडवणं गुन्हा हाय?"

"हाय की, आजी."

"जरा मोठ्यानं बोला, शेठला कमी ऐकू येतं."

साहेब मोठ्यानं बोलले. तशी तिनं त्यांचा हात धरला, गल्लीत पत्र्यांसमोर उभं केलं आणि मला म्हणते, "सांग सूनबाय." शेठ डोळे वटारून बघत होता, पण पोर कडेवर होती ना, एकदा तोंड उघडलं ते बंदच होईना, धूर, दार, पोरीचं रडणं, सगळं एका दमात बोलली. माझ्या मागून मंग सगळी चाळ बोलायला लागली! साहेबांनी पत्रा वाजवून बघितला. "परवानगी कुणाची हो ह्याला?" शेठ नुसताच खिसे चाचपायला लागला. संध्याकाळपर्यंत पत्रे खाली! पोरं टाळ्या पिटत गल्लीच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला धावत होती. आत्यानं बोंबील गोळा केले, त्यातला वाटा शेठच्या बायकोला दिला. "घ्या बाय, तुमच्याच दारात वाळलेत."

आता गुडघे धरतात म्हणून आत्या दांडीला भावाकडं असते. परवा कारखान्याचा धोक्याचा भोंगा वाजला, नंतर खोटा निघाला, पण आमी सगळी मागच्या गल्लीनं भराभर बाहेर आलो, कुणाला धक्का नाय, माझी पोर तर खांद्यावर झोपलेलीच. रस्त्यावर उभी राहून मी सगळे आलेत का बघत होती. एक माणूस कमी वाटत होतं, मी जिन्याकडं बघत राहिली. मंग आठवलं.