हिला पेस्ट कशाला?

अपमान आम्हा सहा पोरींचा झाला. आठवीत, पहिल्या चाचणीनंतरच्या सोमवारी, तिसऱ्या तासाला, अहमदपूरच्या एका शाळेत. सहाही जणी खेड्यावरून एसटीने येणाऱ्या. त्यातली एक मी.

दातांचं शिबिर होतं. डॉक्टर बाकांमधून फिरत होता. मागे सर, हातात खोकं. खोक्यात ब्रश आणि पेस्ट. माझी पाळी आली. मी आ केला. डॉक्टरने माझ्या दातांवरच्या तपकिरी डागांवर बॅटरी मारली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारलं, "गुटखा खातेस काय गं?"

वर्ग खदखदला.

"न्हाई," मी म्हणाले. "आमच्या गावात समद्यांचेच असे हायेत."

"म्हणजे बोअरचा माल!" सर म्हणाले. पुन्हा हशा. सरांनी पेस्ट माझ्यापुढे धरली होती. डॉक्टरने त्यांचा हात मागे सारला. "हिला पेस्ट कशाला? हिच्या दातांत फ्लोराईड आधीच ठासून भरलंय."

ती पेस्ट माझ्या शेजारी बसणाऱ्या केतकीला दिली. तिची तिला मिळाली होती. ही दुसरी. आमच्यातल्या उरलेल्या पाच जणींनाही पेस्ट मिळाली नाही.

केतकीचे वडील प्राध्यापक. घरी आरओचा फिल्टर. दात सोललेल्या लसणाच्या पाकळ्यांसारखे. मी तिच्यावर जळायचे. खोटं कशाला लिहू? ती पेरू खायची तेव्हा मी तिचे दात बघत बसायचे. हसताना ती तोंडावर हात ठेवत नसे, याचाही मला राग. तिची एक तरी दाढ दुखावी म्हणून मी मारुतीला नारळ बोलले होते. ती खेळायला गेली की तिच्या बाटलीतलं पाणी चोरून प्यायचे. वाटायचं, या पाण्यानं आपलेही उजळतील.

घरी मायला सांगितलं. ती म्हणाली, "डाक्टर म्हनला तर सोड माय घरातली पेस्ट. अजून पिवळे व्हायचे."

सोडली. राखुंडीनं घासायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं. डाग जागचे हलले नाहीत. बारावीत दाढ किडली. आधी ठणका, मग गाल सुजला.

लातूरच्या दवाखान्यात ती काढावी लागली. काढणारी डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. तिनं विचारलं, पेस्ट का सोडलीस? मी सांगितलं. हातमोजे काढता काढता ती म्हणाली,

"डाग वेगळा, कीड वेगळी. डाग पडले ते लहानपणी, दात घडत असताना पोटात गेलेल्या बोअरच्या पाण्यानं. त्यात फ्लोराईड फार. घडलेल्या दाताला पेस्टनं नवा डाग पडत नाही. डागाचा दातही किडतो. फ्लोराईडची पेस्ट तुलाही लागते, केतकीइतकीच. घासायची, थुंकायची. गिळायची नाही."

मी रडले नाही. इतकी वर्षं आपण चुकीच्या जागी जळून राहिलो, एवढं कळलं. केतकीला पाळण्यापासून जे पाणी मिळालं, ते मी चोरलं तेव्हा माझे दात घडून गेले होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेत तसंच शिबिर. माणूस दुसरा, भाषा तीच. "डागवाल्या पोरी बाजूला बसा. तुम्हाला पेस्ट नको."

शिबिर आहे कळलं म्हणून मी आले होते. दारातून आत गेले. "त्यांना आधी द्या."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. पेशंट हाय." मी तोंड उघडून दाढेची रिकामी जागा दाखवली. "हे तुमच्यासारख्याच एकाच्या बोलण्यानं झालंय. वाटा, न्हाई तर हे खोकं इथून हलणार न्हाई."

मी खोक्यावर हात ठेवून उभी राहिले. मागून एक बारकी ओरडली, "ताई, मला हिरवा ब्रश!"

त्याने वाटले. एकूण एक पोरीला.

पण मधल्या सुट्टीत त्याच पोरी त्याच बोअरच्या हापशाला ओंजळ लावून उभ्या. त्यांच्या मागे अंगणवाडीची पोरं. त्यांचे दात अजून घडायचेत.

मला समजूत नको. मी जळतच राहणार. त्या हापशावर 'पिऊ नका' सांगणारा लाल रंग लागून गावात दुसरं पाणी येईपर्यंत मी पत्रकं वाटणार, तहसीलच्या पायऱ्या चढणार.

आणि तुम्ही, वाचणारे? माझ्यासाठी हळहळू नका. येत्या ग्रामसभेत उठा आणि विचारा: आपली बारकी लेकरं कोणतं पाणी पिऊन राहिलीत, ते कधी तपासलं? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या.