दाजींचे न विरणारे डाग

थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांना दाजी म्हणते. नाहीतर म्हणायला माझ्याकडे दुसरे शब्द आहेत.

सूर्याच्या वेधशाळेत त्यांना एकच काम होतं. रोज सकाळी दुर्बिणीतून कागदावर सूर्याचं बिंब पाडायचं आणि दिसतील ते डाग पेन्सिलीने गिरवायचे. पण जिने चढणं दाजींच्या जिवावर यायचं. सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून डाग रोज थोडा पुढे सरकतो, एवढं त्यांना कळलं आणि तिथेच त्यांचं शिक्षण संपलं. सोमवारी एकदा वर जायचं, मग खाली बसून आठवड्याचे कागद उरकायचे. तोच डाग, रोज बोटभर पुढे.

मी शेजारच्या इमारतीत त्याच डागांचं चुंबकत्व मोजायची. डाग म्हणजे काही चामखीळ नव्हे. आतून चुंबकीय क्षेत्र वर उसळतं, तिथे आधी बारीक ठिपक्यांची जोडी उमटते, एक उत्तर ध्रुवाचा, एक दक्षिण. दोघे फुगतात, एकमेकांपासून लांब सरकतात. बहुतेकदा मागचा आधी विस्कटतो. पुढचा काही दिवस तग धरतो, मग त्यातही उजेडाच्या भेगा पडतात आणि तोही विरतो. दाजींचा डाग मात्र एका कडेला उगवून दुसऱ्या कडेला तस्साच गुटगुटीत मावळायचा.

एका गुरुवारी माझ्या मोजणीत मोठ्या डागाचे तुकडे झालेले दिसले, खाली नवी जोडी उगवलेली. दाजींच्या कागदावर काहीच घडलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "काल होता ना? मग जाईल कुठे?"

नात्यापायी मी गप्प बसले, ही माझी चूक. पुढच्या महिन्यात त्यांच्या दुर्बिणीच्या घुमटाचं दार अडकलं आणि दुरुस्तीला दहा दिवस गेले. दाजींनी दहाही कागद भरले, वर कोपऱ्यात 'आकाश निरभ्र' लिहून.

प्रमुख बाईंनी ते चाळले आणि बंद घुमटातून सूर्य कसा दिसला, असं शांतपणे विचारलं.

"अनुभवाने," दाजी म्हणाले.

त्यांना सामानाच्या कोठीत पाठवलं. अकरा वर्षांचे कागद बाद झाले. ते मीच लाल पेन्सिलीने खोडले आणि दर कागदागणिक माझं डोकं तापत गेलं. दाजी आता पाहुण्यांना सांगतात, की संशोधनात राजकारण फार. ताई ऐकते आणि उठून आत जाते.

गिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या सकाळी बिंबावर एकही डाग नव्हता. मी कोरा गोल काढला, वेळ लिहिली आणि सही केली.